जरा खोका!

निवृत्त माणसाकडे लोक तीन कारणांनी येतात. पत्रिका द्यायला, सोसायटीचा सेक्रेटरी व्हा म्हणून गळ घालायला, आणि सही मागायला. पहिल्या दोन कारणांनी माझ्याकडे बरेच जण येऊन गेले. तिसऱ्या कारणासाठी मात्र कोणी फिरकलं नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर उभं राहून मला जी पेन्शन मिळते, तिच्यात महिन्याचा चहा आणि चष्म्याची काडी एवढंच बसतं. अशा माणसाच्या सहीला बँकेत काय भाव असणार? माझंही तेच मत होतं. पण जून महिन्यातल्या एका रविवारी आमचे मेव्हणे चाकणहून आले आणि माझ्या सहीची किंमत एकदम वधारली.

आमचे मेव्हणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. चाकणला त्यांची पत्र्याची शेड आहे. एका मोठ्या मोटार कंपनीच्या सप्लायरच्या सप्लायरला लागणारे वॉशर ते तिथे पाडतात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, त्या वर्षी नीटच्या परीक्षेला बसली होती. मेव्हण्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. चेहरा मात्र पुडा बसमध्ये विसरल्यासारखा होता.

"मार्क चांगले पडलेत, दादा," ते म्हणाले. "पण सरकारी कॉलेज थोडक्यात हुकतंय. दुसरीकडे सीट मिळतेय."

"मग अडलंय कुठे?"

"एक खोका लागतोय."

"एवढंच ना? माळ्यावर टीव्हीचा आहे. चांगला मजबूत आहे. पोरीची सगळी पुस्तकं मावतील."

मेव्हणे गप्प झाले. आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला. "अहो, खोका म्हणजे कोटी!" २०२२ पासून महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही हा अर्थ ठाऊक आहे. मीच तेवढा मागे राहिलो होतो.

मग मेव्हण्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कॉलेज एका अभिमत विद्यापीठाचं. वर्षाची फी २२ लाख. साडेचार वर्षांचे झाले ९९ लाख. बाटाच्या चपलेशिवाय दुसऱ्या कशाची किंमत अशी एकाने कमी असलेली मी पाहिली नव्हती. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं वेगळी. म्हणजे खोका भरून वर पिशवीही लागणार. मेव्हण्यांनी चाकणजवळचा वडिलोपार्जित तुकडा विकायची तयारी केली होती. उरलेल्या रकमेसाठी बँक तारण मागत होती. त्यांची शेड आधीच दुसऱ्या बँकेत अडकलेली. तेव्हा नजर पडली ती माझ्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरावर.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं.

मध्यमवर्गीय माणसाच्या तोंडी या वाक्याचा अर्थ 'नाही' असा असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मेव्हण्यांनाही ठाऊक होतं. पण त्या रात्री काय झालं कोण जाणे, मी खरोखरच विचार करायला लागलो. घर अडकवायचं की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. त्याच्या आधीचा एक प्रश्न डोळ्याला डोळा लागू देईना. डॉक्टर होण्याचे पैसे मुळात भरायचे कोणी? पोरीने? तिच्या बापाने? मामाने? सरकारने? की मी रस्त्यावरून जाताना कधीतरी घेरी येऊन पडणार आहे म्हणून मीच?

या प्रश्नाचा विचार करायला आमच्या संत तुकारामनगरइतकी चांगली जागा पिंपरीत नाही. इथे महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, १९८९ पासूनचं, साडेसातशे खाटांचं. त्याला आम्ही नुसतं 'वायसीएम' म्हणतो. जवळच डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९६ सालचं. पुढे तेही अभिमत विद्यापीठात गेलं. एक उभं राहिलं ते कारखान्यांच्या जकातीवर श्रीमंत झालेल्या गावाच्या तिजोरीतून, दुसरं खासगी. दोन्हींच्या मधून आम्ही रोज सकाळी फिरायला जातो, पण आरोग्य आणि पैसा यांच्या नेमक्या मधून आपण चाललो आहोत, हे माझ्या त्या दिवसापर्यंत लक्षात आलं नव्हतं. भाचीची सीट यांतल्या कुठलीच नव्हती. ते कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यातलं होतं आणि त्याचं नाव घेऊन मला काही साधायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या आमच्या बाकड्यावर मी प्रश्न ठेवला. बाकडं चौघांचं. एक किराणा दुकानातून लक्ष काढून घेतलेले शेठ. एक निवृत्त मास्तर. एक 'एचए'वाले, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये उभी हयात घालवलेले. आणि चौथे पीसीएमटीचे माजी ड्रायव्हर, जे अजूनही बाकड्याच्या उजव्या टोकालाच बसतात. मी पाचवा, त्यामुळे उभा.

शेठ म्हणाले, "यात विचार कसला? ज्याला दुकान टाकायचं त्याने भांडवल घालावं. पुढे कमावणार कोण? पोरगी. मग घालणार कोण? पोरगी. आज नसतील तर कर्ज काढावं आणि मग फेडावं."

वरवर पाहता बिनतोड वाटलं. शेठचं दुकान पन्नास वर्षं चाललंय ते उगीच नाही. मी विचारलं, "पण शेठ, तुम्ही साखरेचं पोतं आणलंत तर त्याचे पैसे तुम्ही भरता की गिऱ्हाईक?"

"आधी मी. मग गिऱ्हाईक. नफ्यासकट."

"आणि पोतं कर्ज काढून आणलं असेल तर?"

"तर व्याजासकट."

शेठ हे म्हणाले आणि स्वतःच थांबले. कारण त्या आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचे फोटो काढून झाले होते, आणि डॉक्टरांनी आणखी दोन तऱ्हेचे फोटो काढायला सांगितलं होतं. ते फोटो गुडघ्याला लागणार होते की डॉक्टरांच्या हप्त्याला, हा संशय त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. डॉक्टर बिचारा सरळ असेलही. बहुतेक असतातच. पण एक कोटीचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस सरळ असला तरी तो सरळ आहे हे गिऱ्हाइकाला पटवायला फार कष्ट पडतात. भांडवलाचा हा एक तोटा आहे.

मास्तरांनी घसा साफ केला. मास्तर इतिहास सांगायला लागले की बागेतली कबुतरंसुद्धा रांगेत बसतात. ते म्हणाले, "आपल्याकडे पहिल्यापासून हे पैसे कोणी ना कोणी दुसऱ्यानेच भरलेत. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं. त्याला जोडलेल्या इस्पितळासाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये दिले, तेवढेच कंपनी सरकारने घातले. १९२६ साली मुंबई महापालिकेचं जी. एस. मेडिकल कॉलेज निघालं ते शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या पैशांतून. देणगीची अट काय होती, माहीत आहे? शिकवणारे सगळे हिंदी पाहिजेत. नफा नको, नातवाला सीट नको. अट घातली ती देशासाठी!"

आमचे शेठ म्हणाले, "ते शेठ वेगळे."

"आणि आनंदीबाई जोशी?" मास्तर आता थांबणार नव्हते. "१८८३ साली अठरा वर्षांची पोर फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकायला गेली. पोस्टातल्या कारकुनाची बायको! तिला पैसे कुठून येणार? लोकांनी वर्गणी दिली. खुद्द व्हाइसरॉयने दोनशे रुपये दिले. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी आपल्या घरात लेकीसारखी ठेवली. १८८६ साली पदवी मिळाली. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागावर नेमणूक झाली. आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली. तिथे एक रोगी तपासायला मिळाला नाही. सांगा शेठ, वर्गणीवाल्यांचे किती वसूल झाले?"

बाकडं गप्प झालं. हिशेबाने पाहिलं तर महाराष्ट्रातली ती सगळ्यांत बुडीत गुंतवणूक. पण आजतागायत एकाही वर्गणीदाराच्या वारसाने 'आमचे पैसे बुडाले' म्हटल्याचं ऐकिवात नाही. उलट त्यानंतर डॉक्टर झालेली प्रत्येक मराठी मुलगी त्या वर्गणीचं व्याज आहे असं आपण मानतो. म्हणजे काही पैसे असे असतात, की ते परत आले नाहीत तरी फिटतात.

एचएवाल्यांनी मान डोलावली. "आमच्या पेनिसिलिनचं तेच. १९५४ साली कंपनी निघाली, पंचावन्नला माल सुरू झाला. पैसा सरकारचा, मदत जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची. तेव्हा पिंपरीत काय होतं? माळरान! एकाही रोग्याला कोणी म्हटलं नाही, की आधी कारखान्याचे पैसे भर, मग तुझा न्यूमोनिया बघू. औषध बनवायला देशाने आधी पैसे घातले. मग औषध देणारा बनवायला का घालू नयेत?"

पुढे त्या कारखान्याचे दिवस फिरले, त्याचं दुःख त्यांच्या आवाजात कायमचं मुरलेलं आहे. त्यामुळे त्यांना कोणी उलट बोलत नाही.

पण ड्रायव्हरसाहेब बोलले. "आम्ही आगपेटी घेतली तरी त्यात कर असतो. त्या करावर डॉक्टर होणार पोरं कोणाची? डॉक्टरांची, इंजिनियरांची, क्लासला दोन-दोन लाख भरणाऱ्यांची. माझ्या भावकीत कोणी डॉक्टर नाही. म्हणजे पैसे माझ्या आगपेटीचे, आणि उजेड यांच्या बंगल्यात! शिकून झाल्यावर हे जाणार परदेशी, नाहीतर कोरेगाव पार्कात. बीड-गडचिरोली राहू द्या, आमच्या गल्लीत तरी कोणी येतं का?"

या बोलण्यात मला खोट काढता येईना, आणि अजूनही येत नाही. सरकारी पैशाने शिकायचं आणि मग 'माझ्या बुद्धीचं मी खातो' म्हणायचं, यात कुठेतरी हातचा एक विसरलेला आहे. मास्तर म्हणाले, त्यालाच तर बाँड असतो. पुण्याचं सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय घ्या, १९४८ सालचं. शिक्षणाचा भार सरकारवर. मग काही वर्षं फौजेत सेवा करायची, नाहीतर पैसे मोजायचे. राज्याच्या सरकारी आणि पालिकांच्या कॉलेजांनाही एक वर्षाच्या सेवेचा बाँड आहे. तो न पाळणाऱ्याला बरीच वर्षं दहा लाख दंड होता, आणि दंड भरून सुटणारेही पुष्कळ होते.

"म्हणजे दहा लाखांत सुटका," शेठ म्हणाले. "बाहेर तर खोका लागतो. स्वस्त आहे."

"पण मी म्हणतो, डॉक्टरलाच का बाँड?" एचएवाले उसळले. त्यांचा नातू सरकारी संस्थेतून इंजिनियर होऊन सध्या टेक्सासला असतो. "त्याला कोणी बाँड विचारला नाही. वकिलाला विचारत नाहीत. मग डॉक्टरांनीच काय पाप केलंय?"

शेवटी मास्तरांनी १९८३ सालापासूनचा पाढा म्हटला. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. सरकारकडे पैसा नव्हता आणि पोरांचे लोंढे कर्नाटकात चालले होते. मग देणग्यांचा बोभाटा झाला, म्हणून १९८७चा देणगीबंदीचा कायदा. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढे २००२ आणि २००५ साली कोर्टाने सांगितलं, की खासगी कॉलेजांनी आपली फी ठरवावी, वाजवी शिल्लक ठेवावी, पण नफेखोरी करू नये.

"देणगी आणि फी यांत फरक काय?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"फीची पावती मिळते," शेठ म्हणाले.

इथे सभा बरखास्त झाली, कारण वायसीएमच्या दिशेने एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली. तो आवाज आला की आमच्या बाकड्यावर कोणी बोलत नाही. आत कोण आहे हे माहीत नसतं. पण या वयात प्रत्येक जण आपापला अंदाज करून बघतो.

घरी येताना एचएवाल्यांचा प्रश्न माझ्याबरोबर आला. इंजिनियरला नाही, मग डॉक्टरलाच का? कारखान्यात मीही शिकाऊ उमेदवार म्हणूनच लागलो होतो. १९६१ सालचा त्याचा कायदाच आहे. शिकणाऱ्याकडून फी घ्यायची नाही. उलट त्यालाच विद्यावेतन द्यायचं. पहिल्या महिन्यात मी एक शाफ्ट असा खाल्ला, की तो धड शाफ्टही राहिला नाही आणि धड सळईही. फोरमनने मला चार शब्द मराठीत आणि दोन शब्द कुठल्याच भाषेत नसलेले ऐकवले आणि शाफ्ट भंगारात टाकला. माझ्या शिक्षणाचा खर्च त्या भंगाराच्या पेटीत पडला. कंपनीने तो सोसला, कारण शेवटी ज्याला कारागीर पाहिजे त्यानेच तो घडवायचा असतो. लोखंडाने काही तक्रार केली नाही.

डॉक्टर कशावर शिकतो? इथे मला एकदम खोकला आठवला.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा परगावी होतो. हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं, खिशात पैसे नव्हते, म्हणून एका शिकाऊ दवाखान्यात दाखल झालो. गाव आणि दवाखाना यांची नावं सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला बरं करून पाठवलं, एवढं पुरे. हर्निया तपासायची पद्धत अशी, की डॉक्टर बोटं ठेवतो आणि रोग्याला खोकायला सांगतो. सकाळी नऊ वाजता मोठे डॉक्टर आले आणि त्यांच्यामागे बावीस विद्यार्थी. डॉक्टर म्हणाले, "उत्तम केस आहे. प्रत्येकाने बघून घ्या." मला आयुष्यात उत्तम म्हणणारे ते पहिले गृहस्थ.

मग एकेक जण पुढे यायचा, गार हात लावायचा आणि म्हणायचा, "काका, जरा खोका." मी बावीस वर्षांचा होतो, तरी काका! पहिल्याला मी मनापासून खोकलो. दहाव्याला घशाने. पंधराव्यापर्यंत मला खरा खोकला झाला. एकविसाव्या विद्यार्थ्याने चुकीच्या बाजूला हात ठेवला आणि काहीच लागत नाही म्हणाला, तेव्हा त्याच्याऐवजी मलाच घाम फुटला. ऑपरेशन तो करणार नाही ना, ही माझी काळजी. रागही आला. फुकट औषध देता म्हणून काय माणसाचा हार्मोनियम करायचा?

माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शेतकरी होते. धोतर, बंडी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या हृदयाच्या झडपेत काहीतरी बिघाड होता आणि त्यामुळे छातीत एक वेगळा आवाज येत होता. तो ऐकायला तर रांगच लागायची. म्हाताऱ्याला धाप लागलेली असायची. तरी विद्यार्थी दिसला की ते खाटेच्या कडेला धरून उठून बसायचे, बंडीचे बंद सोडायचे आणि म्हणायचे, "ऐका, बाळांनो." एकदा एक मुलगी परत फिरली. "बाबा, तुम्हाला फार त्रास होतोय, नको," म्हणाली. म्हातारा म्हणाला, "ये गं. शीक. माझं काय व्हायचं ते होईल. पुढच्याचं तरी तुला लवकर कळंल."

माझं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येऊन नीट बघेपर्यंत शेजारची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली होती. कोणी म्हणालं, मुलगा येऊन गावी घेऊन गेला. कोणी दुसरंच म्हणालं. मी खोलात विचारलं नाही. घाबरलो होतो, म्हणून विचारलं नाही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, मेव्हण्यांचा कागद समोर ठेवून, मी त्या म्हाताऱ्याचा हिशेब मांडत बसलो. डॉक्टर घडवायला तीन जण पैसे भरतात. आई-बाप फी भरतात. त्याची पावती असते. सरकार भरतं, त्याचा अंदाजपत्रकात आकडा असतो. आणि तिसरा भरतो तो हा म्हातारा. त्याची पावती कोणी फाडत नाही. खासगी कॉलेज असो की सरकारी, रुग्णालयाशिवाय कॉलेज चालत नाही आणि रोग्यांशिवाय रुग्णालय चालत नाही; खाटा भरलेल्या पाहिजेत हा नियमच आहे. आणि त्या खाटांवर कोण येतो? ज्याला दुसरीकडे जायला पैसे नाहीत तो. बापाने नव्व्याण्णव लाख भरले तरी पहिली सुई टोचायला स्वतःच्या बापाचा दंड कोणी पुढे करत नाही.

म्हणून डॉक्टरलाच बाँड. इंजिनियर लोखंडावर शिकतो, वकील अशिलाच्या जुन्या कागदांवर शिकतो. डॉक्टर माणसावर शिकतो, आणि तेही गरीब माणसावर. 'माझ्या पैशांनी मी शिकलो' हे वाक्य कुठल्याही डॉक्टरला पूर्ण खरं म्हणता येणार नाही. फार तर म्हणावं, 'पैसे माझे, शरीर दुसऱ्याचं.'

मग पैसे कोणी भरावेत? माझ्या लेथवरच्या डोक्याला सुचलं ते असं. कोणीही भरो, शेवटी भरतो आजारी माणूसच. प्रश्न फक्त वेळेचा आहे. सगळ्यांनी मिळून, धडधाकट असताना, आगपेटीमागे थोडे थोडे भरायचे? की एकट्याने, आजारी पडल्यावर, एकदम आणि व्याजासकट भरायचे? आग लागण्याच्या आधी बंब विकत घ्यायचा, हे महापालिकेलाही कळतं. बंबाचे पैसे आपण बंबवाल्याच्या बापाकडून घेत नाही. घेतले असते, तर आग विझवायच्या आधी त्याने आपल्याला दर सांगितला असता.

जर्मनीत सरकारी विद्यापीठात डॉक्टर होणाऱ्याला शिकवणी फी नसते. अमेरिकेत एकेक डॉक्टर कर्जाचा डोंगर घेऊन बाहेर पडतो. तिथेही न्यूयॉर्कच्या एका कॉलेजने २०१८ साली फी माफ केली, आणि २०२४ साली रूथ गॉट्समन नावाच्या वृद्ध बाईंनी दुसऱ्या कॉलेजला शंभर कोटी डॉलर दिले, फी कायमची माफ व्हावी म्हणून. आपल्याकडेही २०२४ साली राज्य सरकारने आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. अभिमत विद्यापीठं मात्र त्यातून वगळली. म्हणजे उत्तर कोणाला ठाऊक नाही असं नाही. फक्त ते उत्तर प्रत्येक दारापर्यंत पोचत नाही, चाकणच्या शेडपर्यंत तर नाहीच.

पण तत्त्वज्ञान वेगळं आणि तारण वेगळं. समाजाने भरावेत असं मी कितीही म्हटलं तरी समाज त्या आठवड्यात सही करायला येणार नव्हता. मेव्हण्यांना फोन केला आणि म्हटलं, "या. पोरीला घेऊन या. सही करतो." हे म्हणताना माझा आवाज हर्नियाच्या एकविसाव्या विद्यार्थ्याइतकाच खंबीर होता.

भाची आली. कागद उलगडले. मी पेन उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, थांब. मी एक विचारू? एक कोटीची डॉक्टर झाले, तर पहिली दहा वर्षं मी पेशंटकडे बघणार की हप्त्याकडे?"

मेव्हणे म्हणाले, "तू शिक गं, पैशाचं आम्ही बघू."

"तसं नसतं बाबा. ते मलाच बघावं लागेल. मला एक वर्ष द्या. पुन्हा बसते परीक्षेला."

मला इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भाचीचं बोलणं ऐकून माझा ऊर अभिमानाने भरून आला हे खरं. पण अभिमान आला तो दुसऱ्या नंबरावर. सगळ्यांत आधी जे मनात आलं ते होतं, 'वाचलं घर!' उदात्त विचार करणाऱ्या माणसाने आपल्या मनातल्या या रांगेकडे अधूनमधून बघावं. नम्रता येते.

पुढच्या वर्षी तिला सरकारी कॉलेज मिळालं, लांबच्या जिल्ह्यात. दर वर्षी असं सगळ्यांचं होत नाही. दहा जणी थांबतात तेव्हा एखादीचं होतं, आणि उरलेल्या नऊ जणींच्या बापांचे तुकडे विकले जातात. म्हणून या गोष्टीवरून मी कोणाला उपदेश करणार नाही. माझ्या परीने मी खानावळीचे पैसे पाठवायला लागलो. पहिल्याच महिन्यात तिचा फोन. "मामा, हे पैसे मी वहीत लिहून ठेवतेय. कधी परत करायचे?"

आमचं नगर ज्यांच्या नावाचं, त्यांचं गाव देहू इथून जवळच आहे. तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपण सगळे सांगतो. पण कथेतला दुसरा भाग आपण विसरतो. त्यांनी अर्धीच बुडवली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. आपल्या वाट्याचं माफ केलं. दुसऱ्याच्या वाट्याचं माफ करायचा आपल्याला हक्क नाही, हे त्या वैराग्यालाही कळत होतं.

मी भाचीला म्हटलं, "माझ्या वाट्याची खतं बुडवली असं समज. वहीतून माझं नाव खोड. पण अर्धी शिल्लक आहेत. ती माफ करायला ती माझी नाहीत."

"मग कोणाची?"

मी तिला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. खोकल्याचीही सांगितली, ती फार हसली. म्हाताऱ्याच्या गोष्टीला हसली नाही. थोडा वेळ फोनवर नुसता वसतिगृहातला गोंगाट ऐकू येत होता.

गेल्या दिवाळीला ती आली, दुसऱ्या वर्षाला गेलेली. गळ्यात नवीन स्टेथोस्कोप. घरात शिरल्या शिरल्या मावशीबाईंसह सगळ्यांची नाडी बघून झाली. आमच्या सौ.चा रक्तदाब तीनदा मोजला, तो तिन्ही वेळा वेगळा निघाला. मग माझी पाळी आली. मी खुर्चीच्या कडेला धरून नीट बसलो, सदऱ्याची वरची बटणं सोडली. तिचा हात गार होता.

"ऐक, बाळ," मी म्हटलं.

तिने कान लावला. बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली, तशी माझ्या पोटात धस्स झालं. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "मामा, नीट कळत नाहीये. जरा खोका."